वाढलेले शेअर आणि शेजाऱ्याचे ओझे

ख्रिस्ती माणसाने गरजवंताला मदत करावी की नाही, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर आपल्याला लहानपणीच रविवारच्या शाळेत मिळालेले असते. परंतु काय द्यावे, केव्हा द्यावे आणि कोणत्या रूपाने द्यावे, हे प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावे लागतात. कारण प्रत्येक पिढीच्या हाती येणारी संपत्ती निराळी असते. आपल्या पणजोबांच्या हाती खळ्यावरची रास होती. रास मापताना चार पायल्या बाजूला निघत आणि त्या कोणाच्या घरी गेल्या हे गावाला दिसत असे. पुढच्या पिढीच्या हाती मिशन शाळेतल्या मास्तरांचा, दवाखान्यातल्या नर्सबाईंचा, रेल्वेतल्या फिटरचा पगार आला. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यातले काही पाकिटात घालून थाळीत पडू लागले. आता त्यांच्या नातवंडांच्या हाती, विशेषतः हैदराबाद, पुणे, बेंगळुरू, वडोदरा, इंदूर अशा शहरांतल्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांच्या हाती, एक तिसऱ्याच प्रकारची संपत्ती येऊ लागली आहे. तिला स्टॉक ऑप्शन म्हणतात. या संपत्तीतून दुसऱ्या कुटुंबाला हात द्यायचा झाल्यास ख्रिस्ती माणसाने कसे वागावे, याचा विचार आपण येथे करू.

ज्यांना या शब्दाची ओळख नाही त्यांच्यासाठी प्रथम थोडा खुलासा. कंपनी आपल्या नोकराला लिहून देते की, ठरलेल्या मुदतीनंतर तू आमचे एक हजार शेअर प्रत्येकी १०० रुपयांना विकत घेऊ शकशील, मग त्या दिवशी बाजारभाव काहीही असो. आपल्याकडे १९९० च्या दशकात इन्फोसिससारख्या कंपन्यांनी ही पद्धत रुजवली. कायद्याप्रमाणे ही मुदत निदान एक वर्षाची असावी लागते. मुदत संपली तेव्हा भाव ५०० रुपये असेल, तर ५०० ची वस्तू १०० ला मिळाली. भाव १०० च्या खालीच राहिला, तर हाती उरला तो नुसता कागद. वस्तू मिळाली तर हजार शेअरांमागे जो चार लाखांचा फरक पडतो, तो त्या नोकराचा पगार समजला जातो आणि त्यावर आयकर द्यावा लागतो. सर्वांत वरच्या, तीस टक्क्यांच्या पायरीवर असलेल्याला उपकरासह १,२४,८०० रुपये भरावे लागतील. शेअरांची किंमत एक लाख आणि हा कर, असे सव्वादोन लाख गेल्यावर पाच लाखांचे शेअर त्याच्या नावावर होतात. पुढे दोन वर्षांत भाव ९०० वर गेला की त्याचेच नऊ लाख होतात.

आता त्याच मंडळीत दुसरे एक कुटुंब आहे असे समजू. पती दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेला, पत्नी शिक्षिका, दोन मुले शिकत असलेली, आणि इस्पितळाच्या बिलापायी डोक्यावर कर्ज. या दोन घरांत रक्ताचे नाते नाही. एका बाकावर बसून एक भाकर मोडण्याचे नाते आहे. नऊ लाखांचे शेअर ज्याच्याकडे आहेत त्याच्या मनात येते की हे यांना देऊन टाकावे. विचार चांगला आहे आणि तो पवित्र आत्म्याने सुचवला असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. पण चांगला विचार मनात येणे आणि चांगले काम हातून घडणे, यांच्यामध्ये बराच रस्ता असतो.

पहिला प्रश्न असा की, ही वाढ कोणाची? शंभराचे नऊशे झाले, ते त्या तरुणाच्या घामाने झाले काय? त्याने काम केले हे खरे. पण त्याच्याबरोबर हजारोंनी काम केले, कित्येकांना ऑप्शन मिळालेही नाहीत. इमारत झाडणाऱ्या बाईचा आणि रात्रीच्या पहारेकऱ्याचाही त्या वाढीत वाटा आहे. शिवाय बाजाराची लहर आहे, जिच्यावर कोणाचाच ताबा नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभूने श्रीमंत शेतकऱ्याचा जो दाखला दिला, त्यात उत्तम पीक आले ते जमिनीला, असे सांगितले आहे. त्या माणसाने मात्र बोलताना माझे पीक, माझी कोठारे, माझी मालमत्ता असा धोशा लावला. चोरी त्याने केली नव्हती. वाढ ज्याच्याकडून आली त्याला तो विसरला, एवढाच त्याचा दोष होता आणि तो त्याला पुरला. वाढलेला शेअर ज्याच्या हाती आहे तो त्या वाढीचा कारभारी आहे. कारभाऱ्याने हिशेब धन्याच्या मनाप्रमाणे द्यावयाचा असतो.

यावर कोणी म्हणेल की, भाव पडला असता तर तोटाही त्याचाच झाला असता. मग नफा त्याचा का नाही? हे म्हणणे रास्त आहे आणि व्यवहारात नफा त्याचाच आहे. पेत्राने हनन्याला जे विचारले त्याचा मथितार्थ हाच होता की, शेत तुझे होते, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. कोणी बळजबरी केली नव्हती. म्हणून या लेखात आम्ही कोणावर दानाचा कर बसवू इच्छित नाही. देण्याचे ज्याने मनात घेतले आहे त्याच्यापुरतेच हे लिहिणे आहे. आणि ज्याच्या स्वतःच्या घरी म्हातारे आईवडील औषधावाचून आहेत, त्याने आधी तिकडे पाहावे. आपल्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयी पौलाने तीमथ्याला फार कडक शब्दांत लिहिले आहे.

दुसरा प्रश्न : काय देता येते? येथे कायदा आपल्याला एक धडा शिकवतो. २०१३ च्या कंपनी कायद्याखाली २०१४ मध्ये जे नियम झाले, त्यांनुसार ऑप्शन दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. तो गहाणही ठेवता येत नाही. ज्याला मिळाला त्यानेच तो वापरावयाचा, आणि तो वारला तर त्याच्या वारसांनी. म्हणजे पैसे भरून शेअर आपल्या नावावर झाल्याशिवाय देण्याजोगे हाती काहीच नसते. असे असता पुष्कळदा मुदत भरण्याआधीच तोंडातून शब्द निघून जातो. “पुढच्या वर्षी माझे ऑप्शन मोकळे होतील, मग तुमच्या मुलीच्या कॉलेजची फी माझ्याकडे.” बोलणाऱ्याचे मन मोठे असते, पण बाजारात तुरी म्हणतात ती हीच. मधल्या वर्षात नोकरी सुटते, भाव कोसळतो, कंपनी बुडते, आणि तिकडे त्या घरी शब्दाच्या भरवशावर मुलीचे नाव महागड्या कॉलेजात घातलेले असते. न दिलेल्या देणगीची बढाई मारणारा माणूस पाऊस न पाडणाऱ्या ढगासारखा आहे, अशा अर्थाचे एक वचन नीतिसूत्रांत आहे. दुष्काळ पाहिलेल्या आपल्या मुलखात त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कोरड्या आभाळाकडे पाहून शेतकरी वेळीच दुसरी सोय पाहतो. आभाळ भरून आले की तो पेरून बसतो आणि फसतो. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दानाचे जे माप दिले ते हेच की, माणसाजवळ जे आहे त्यावरून त्याचे दान मोजले जाते, जे नाही त्यावरून नाही.

तिसरा प्रश्न वेळेचा. शेअर हाती आले, भाव चढतो आहे. मन म्हणते, थोडे थांबू. नऊशेचे बाराशे झाले तर त्या कुटुंबालाच जास्त मिळेल. हा मोह फार गोड आहे, कारण तो दयेचे वस्त्र पांघरून येतो. परंतु कर्जाचे व्याज आपल्यासाठी थांबत नाही आणि डायलिसिसची पाळी बाजार पाहून येत नाही. उघड्या व उपाशी भावाला नुसते ऊब घे, पोटभर जेव म्हणून निरोप देणाऱ्याची गोष्ट याकोबाने सांगितली आहे. त्याच्या ओठांवर “पुढच्या तिमाहीत पाहू” एवढेच शब्द घातले की ती आजची होते. कधी देणे चांगले, याचे उत्तर बाजाराच्या आलेखावर शोधू नये. ज्याला द्यायचे त्याच्या गरजेला विचारावे. आणि दिल्यानंतर भाव दुप्पट झाला तर हळहळू नये. ज्या दिवशी फी भरावयाची होती त्या दिवशी फी भरली गेली, हा त्या देण्याचा पुरा भाव आहे.

आता चौथा प्रश्न, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा : कोणत्या रूपाने द्यावे? शेअर जसेच्या तसे त्यांच्या डीमॅट खात्यात घालावे की विकून रक्कम द्यावी? वरवर पाहता हा हिशेबनिसाचा प्रश्न आहे. पण त्याच्या पोटात नीतीचा प्रश्न दडलेला आहे, तो असा की, देण्याबरोबर येणारे ओझे कोणी उचलावयाचे?

पूर्वी आपल्या देशात १९५८ चा देणगी कर कायदा होता आणि त्यात कर भरावयाचा तो देणाऱ्याने. तो कर १ ऑक्टोबर १९९८ पासून बंद झाला. पुढे २००४ मध्ये सरकारने उलट बाजूने हात घातला : परक्याकडून मिळालेली मोठी रक्कम ही घेणाऱ्याचे उत्पन्न ठरू लागली. २००९ पासून शेअरसारख्या वस्तूही त्यात आल्या. आज नियम असा आहे की, नात्याबाहेरच्या माणसांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक मिळाले तर वरची रक्कमच नव्हे, तर सगळीच रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. नातेवाइकांकडून मिळालेले यातून वगळले आहे. पण नातेवाईक कोण, याची यादी कायद्याने आखून दिली आहे. पती-पत्नी, भावंडे, आईवडिलांची भावंडे, आजी-आजोबा, मुले, नातवंडे वगैरे त्या यादीत आहेत. तिची गंमत अशी की, काकाने पुतण्याला दिले तर ते नात्यातले. पुतण्याने काकाला दिले तर काकाच्या यादीत पुतण्या नाही. चुलत व मामे भावंडे तर यादीत नाहीतच. आणि मंडळीतला भाऊ, जो आपल्यासाठी रात्रभर इस्पितळाच्या पायरीवर बसला, तो त्या यादीत कोठून असणार?

वाचकहो, ही यादी वाचताना एक जुना प्रश्न आठवल्यावाचून राहत नाही. एका शास्त्र्याने प्रभूला विचारले होते की, माझा शेजारी कोण? त्यालाही यादीच हवी होती. प्रभूने यादी दिली नाही; यरीहोच्या वाटेवर जखमी पडलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. सरकारला यादी लागतेच. तिच्यावाचून कर बसवता येणार नाही, म्हणून सरकारला दोष देण्याचे कारण नाही. परंतु सरकारच्या यादीबाहेरच्या माणसाला जो भाऊ म्हणतो, त्याने त्या भावावर पडणारा भार आधी पाहून घेतला पाहिजे.

आपल्या उदाहरणातला हिशेब मांडू. त्या शिक्षिकेचे करपात्र उत्पन्न वर्षाला आठ लाख आहे असे धरू. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत मिळून कर शून्य होतो, म्हणून तिला आजवर कर लागत नव्हता. तिच्या नावे नऊ लाखांचे शेअर केले की तिचे उत्पन्न सतरा लाख ठरते आणि तिला उपकरासह १,४५,६०० रुपये कर बसतो. दान मिळाले, पाठोपाठ नोटीस. आता समजा, शेअर तिच्या खात्यात आल्यावर तिने लगेच विकले नाहीत. कोणीतरी सांगितले, ठेवा, वाढतील. भाव ९०० वरून ६०० वर आला. तिच्या हाती सहा लाखच आले, पण कर नऊ लाखांवर बसलेला आहे; आणि शेअर विकताना झालेला तीन लाखांचा तोटा या उत्पन्नातून वजा करता येत नाही. जिने आयुष्यात कधी शेअर पाहिला नाही, तिला आजारी पतीच्या उशाशी बसून बाजारभाव पाहण्याची पाळी आली. अशा वेळी तिला भीक नको पण कुत्रे आवर असे वाटले, तर तिला कृतघ्न म्हणता येईल काय?

हेच शेअर तिच्या पतीच्या नावे दिले असते तर? त्याला दुसरे उत्पन्न नाही. नऊ लाख बारा लाखांच्या आत येतात. विवरणपत्र भरावे लागेल, पण कर लागणार नाही. एवढा मोठा फरक एका साध्या विचारपूसीने पडतो. म्हणून आम्ही म्हणतो की, मदत करणाऱ्याने आधी त्या घरी जाऊन बसावे, चहा घ्यावा, आणि कोणाच्या नावे, केव्हा, किती, हे त्यांना विचारावे. शक्य तर एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटलाही विचारावे. विचारणे हेही प्रेमाचेच अंग आहे. न विचारता केलेल्या दानात पुष्कळदा देणाऱ्याला आपलेच मोठेपण पाहावयाचे असते.

यावर कोणी शंका काढील की, असा हिशेब करून कर वाचवणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय? कैसराचे ते कैसराला द्यावे, हे खरे. पण कैसराने स्वतःच जी वाट मोकळी ठेवली तिने जाणे म्हणजे त्याचे बुडवणे नव्हे. बुडवणे कशाला म्हणावे? कागदावर खोटे नाते लिहिणे, परक्याला मेहुणा म्हणून दाखवणे, लग्नातला आहेर करमुक्त असतो म्हणून नसलेल्या लग्नाचा आहेर नोंदवणे, मागची तारीख घालणे. हनन्या व सप्पीरा यांनी दान कमी दिले म्हणून त्यांचा नाश झाला नाही. दिले त्याविषयी ते खोटे बोलले. नवरा-बायको दोघे एकमताने खोटे बोलले, ही त्या गोष्टीतली आणखी शोचनीय बाजू. दान देण्याआधी पती-पत्नींनी एकमत करावे. ते खऱ्यासाठी करावे.

मग विकून रोख रक्कम द्यावी का? आपल्या उदाहरणातल्या तरुणाने शेअर विकले तर ५०० च्या वरचा चार लाखांचा फायदा त्याला दाखवावा लागेल. वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या व बाजारात नोंदलेल्या शेअरांवर १,२५,००० पर्यंतचा फायदा माफ आहे. उरलेल्या २,७५,००० वर साडेबारा टक्के आणि उपकर मिळून ३५,७५० रुपये कर होतो. एरवी देणगी दिलेल्या शेअरांवर देणाऱ्याला असा कर लागत नाही; पण कंपनीच्या ऑप्शन योजनेतून मिळालेल्या शेअरांना ही सूट लागू होईलच असे नाही, आणि ते तसेच देणगी दिले तरी देणाऱ्याला फायद्यावर कर लागू शकतो. म्हणजे तसेच दिले तरी देणाऱ्याचा कर वाचेलच असे नाही. विकून द्यावे तर ३५,७५० त्याच्या खिशातून किंवा देणगीतून जातात. घेणाऱ्यावरचा कर दोन्ही वाटांनी सारखाच, कारण परक्याने दिलेली रोख रक्कमही उत्पन्नच धरली जाते.

शुद्ध गणिताने पाहिले तरी शेअर तसेच देणे फायद्याचे ठरेलच असे नाही. शिवाय रोख रक्कम मिळाली की घेणाऱ्याला भाव चढण्या-पडण्याची काळजी नाही, डीमॅट खाते उघडण्याची धावपळ नाही, न समजणाऱ्या कागदांवर सह्या नाहीत. विकताना लागणारा कर ही त्या काळजीची किंमत समजावी. ती कोणी मोजावी? आम्हांस वाटते, ज्याला बाजार कळतो त्याने मोजावी. जर ते कुटुंब जाणते असेल, डीमॅट खाते त्यांच्याजवळ असेल आणि खात्यात येताच विकण्याचे ठरलेले असेल, तर शेअर तसेच देण्यास हरकत नाही. मात्र त्यात देणाऱ्याचा काही कर वाचला, तर ती रक्कम त्याने आपल्या खिशात न ठेवता, घेणाऱ्याला बसणाऱ्या कराच्या कामी लावावी. नाहीतर आपण दान केले आणि त्याचा कर मास्तरीणबाईंनी भरला, असे होईल. आपल्या भाषेत त्याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात.

त्या शोमरोनी माणसाची गोष्ट आता पुन्हा वाचून पाहावी. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत आणले, हे सर्व आपण मुलांना दरवर्षी शिकवतो. दुसऱ्या दिवशी निघताना त्याने उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार दिले, हेही शिकवतो. पण त्यापुढचे वाक्य आपण घाईने वाचून जातो. याहून अधिक खर्च झाला तर परत येताना मी तो भरून देईन, असे तो सांगून गेला. खर्च किती होईल हे कोणालाच ठाऊक नव्हते. जखम चिघळली तर? महिना लागला तर? ते न कळणारे, न मोजता येणारे ओझे त्याने जखमी माणसाच्या अंगावर टाकले नाही, आणि रखवालदारावरही टाकले नाही. ठरलेली रक्कम त्याने दिली आणि अनिश्चित रक्कम आपल्या नावावर लिहून घेतली. आमच्या मते दानाची खरी कसोटी येथे आहे. दोन दीनार पुष्कळ जण देतात. उद्याची काळजी आपल्या नावावर घेणारा विरळा.

वाढलेल्या शेअरांच्या बाबतीत ही अनिश्चितता तीन ठिकाणी असते : भाव पडेल काय, कर किती बसेल, आणि कागदपत्रांत काही राहून जाईल काय. या तिन्ही गोष्टी देणाऱ्याने आपल्या अंगावर घ्याव्या. त्याने विकून द्यावे, किंवा देऊन मागे उभे राहावे. विवरणपत्र भरण्याच्या महिन्यात त्या घरी पुन्हा एक फेरी मारावी. आणि हे सर्व झेपत नसेल तर नऊ लाखांचे वचन देऊ नये. तीन लाख द्यावे, पण मोकळे द्यावे.

आणखी एक वाट आहे. आयकर खात्याकडे रीतसर नोंदलेल्या धर्मादाय संस्थेकडून मिळालेली मदत गरजवंताच्या उत्पन्नात धरली जात नाही. मंडळीशी संबंधित अशी संस्था असेल तर देणाऱ्याने तिच्याकडे द्यावे. परंतु येथे मन थोडे घट्ट करावे लागते. संस्थेला दिलेले दान हे अमक्यालाच द्या अशी चिठ्ठी लावून देता येत नाही. पंचांनी सर्वांची गरज पाहून ठरवावयाचे असते. बर्णबाने शेत विकून रक्कम प्रेषितांच्या पायांशी ठेवली, तेव्हा ती कोणत्या विधवेला जावी हे त्याने सांगितल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलेले नाही. पैशाबरोबर निवडीचा हक्कही त्याने तेथेच ठेवला. ज्याला अमुक एका कुटुंबालाच हात द्यावयाचा आहे त्याने सरळ स्वतः द्यावा व वर सांगितलेला भार उचलावा. संस्थेचा नुसता दरवाजासारखा उपयोग करू नये. तो कायद्यालाही मान्य नाही आणि इतर गरजवंतांवरही अन्याय आहे.

शेवटी घेणाऱ्याच्या मनाविषयी. मदत घेतल्यानंतर रविवारी त्याच बाकावर येऊन बसणे सोपे नसते. देणाऱ्याने नुसते विचारले, “शेअर विकले की आहेत अजून?” तरी घेणाऱ्याच्या घशात घास अडकतो. मुलाला नवे बूट आणले तर कोणी पाहील काय, असे त्याला वाटू लागते. बवाजाने आपल्या गड्यांना सांगून ठेवले होते की, रूथ वेचीत असेल तेथे पेंढ्यांतून मुद्दाम काही गळू द्या आणि तिला धमकावू नका. तिने ते स्वतःच्या हाताने वेचले, झोडले, मापले आणि मान वर करून सासूकडे नेले. दान असे असावे की घेणाऱ्याचा हात वेचणाऱ्याचा राहावा, पसरलेला होऊ नये. म्हणून एकदा दिल्यावर सल्ला देऊ नये, हिशेब मागू नये, प्रार्थनेत नाव घेऊन त्या घराच्या अडचणी सगळ्या मंडळीपुढे मांडू नयेत. ते पैसे आपल्याला पटणार नाहीत अशा रीतीने खर्च झाले, तरी ते आता त्यांचे आहेत.

घेणाऱ्यानेही मन छोटे करू नये. पौलाने फिलिप्पैकरांची मदत घेतली, मनापासून आभार मानले, आणि तरीही त्यांना चुकले तेथे चुकले म्हणून सांगण्याचा अधिकार सोडला नाही. मदत घेणे हे हलकेपण नव्हे. आज घेणाऱ्याच्या घरातून उद्या दुसऱ्या कोणासाठी दोन दीनार निघतील, आणि देणाऱ्याने ते परत मागितले नव्हते हे त्या वेळी त्यांना आठवेल.

रविवारच्या शाळेच्या शिक्षक-शिक्षिकांना एक सुचवावेसे वाटते. शोमरोन्याचा पाठ घेताना मोठ्या वर्गातल्या मुलांना विचारा, उतारशाळेचे बिल शेवटी किती झाले असेल? मुले अंदाज करतील, कोणी पाच दीनार म्हणेल, कोणी वीस. मग विचारा, ते कोणी भरले? ही मुले उद्या मोठ्या कंपन्यांत जातील. त्यांच्या नावावर आपल्या वाडवडिलांनी कधी ऐकले नाहीत अशा प्रकारचे कागद होतील, त्यांची किंमत रात्रीत दुप्पट होईल आणि रात्रीत निम्मी होईल. त्या दिवसांत त्यांना आयकराचे नियम कोणीही सांगेल, आणि ते नियम तोवर बदललेलेही असतील. पण अधिक लागले तर मी देईन, हे म्हणायला शिकवण्याचे काम आपले आहे.